डोक्याला मार आणि गुंगीचं औषध

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, घोडे चौखूर धावतात. तिथे कुणी डोक्यावर पडलं, तर नाशिक किंवा सुरतेच्या न्यूरोसर्जनपर्यंत पोचायला कित्येक तास जातात. सीमेवरच्या सैनिकाची अडचणही हीच, म्हणून लष्करं डोक्याच्या इजांवरच्या संशोधनावर पैसा खर्च करतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००७ पासून मेंदूच्या इजांसाठी खास निधी दिला.

कवटी बंद असते. मेंदू सुजला की आतला दाब वाढतो आणि रक्त कमी पोचतं. गुंगीची बहुतेक औषधं मेंदूची प्राणवायूची गरज घटवतात. पण त्यांतल्या प्रोपोफॉलने रक्तदाब घसरू शकतो, आणि वरचा रक्तदाब ९०च्या खाली जाणं अशा जखमींसाठी घातक असतं. केटामाइन हे गुंगीचं दुसरं औषध बहुधा रक्तदाब टिकवतं. ते व्हिएतनाम युद्धात वापरलं गेलं. कवटीतला दाब वाढेल या धास्तीने डोक्याच्या जखमींना ते अनेक वर्षं देत नसत. श्वास यंत्राने नीट सांभाळला, तर ती धास्ती फारशी टिकत नाही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

तरी मोठ्या चाचण्या हव्यातच. जुन्या, स्वस्त औषधावर कंपन्या सहसा पैसा लावत नाहीत. तो सरकारनेच द्यायला हवा, आपल्याही.