दुसऱ्या छत्रीचा हिशेब

स्कायडायव्हरच्या पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. खालच्या कप्प्यातली मुख्य छत्री तो स्वतः घडी करतो किंवा मैदानावरच्या पॅकरकडून करून घेतो आणि एका दिवसात चार-पाच वेळाही उघडतो. वरच्या कप्प्यातल्या राखीव छत्रीला मात्र त्याने हात लावायचा नाही. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाचा नियम असा की ती परवानाधारक रिगरनेच, म्हणजे पॅराशूट बांधणाऱ्या व तपासणाऱ्या तंत्रज्ञानेच बांधायची, तिची पिन लाल दोऱ्याने आणि शिशाच्या सीलने मोहोरबंद करायची आणि सोबतच्या कार्डावर तारीख घालून सही करायची. ती एकदाही उघडली नसली, तरी १८० दिवसांनी सोडून, तपासून, पुन्हा बांधावीच लागते. २००८पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती.

न वापरलेल्या वस्तूची इतकी काळजी घेण्याचं कारण उघड आहे. जेव्हा तिची गरज पडते, तेव्हा तिच्यानंतर काहीच उरलेलं नसतं. शेकडो उड्या मारायच्या असतील तर ही वेळ आपल्यावर कधीतरी येणार असं धरूनच चाला, असं प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून बजावतात. तरीही हा खेळ पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाला आहे. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदींनुसार १९७०च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक स्कायडायव्हर दगावत. २०२३मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० मृत्यू झाले. हा बदल कशाने घडला आणि यंत्रं इतकी सुधारल्यावरही ते १० जण का गेले, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहायला हवेत.

सेकंदांचं गणित

पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर स्थिरावतो. या वेगाने हजार फूट खाली यायला साडेपाच ते सहा सेकंद लागतात. १३,००० फुटांवरून उडी घेतली तर छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळतं. म्हणून या खेळात घड्याळापेक्षा मनगटावरच्या अल्टिमीटरला, म्हणजे उंचीमापकाला, जास्त मान असतो.

अमेरिकी संघटनेच्या नियमांनुसार शिकाऊ आणि प्राथमिक परवान्याच्या स्कायडायव्हरने ३,००० फुटांच्या खाली येण्याआधी मुख्य छत्री उघडायला घेतली पाहिजे. अनुभवी माणसासाठी ही मर्यादा २,५०० फूट आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे निर्णयाची उंची. शिकाऊंसाठी ती २,५०० फूट आणि अनुभवींसाठी १,८०० फूट ठेवलेली आहे. छत्री नीट उघडली नसेल तर दुरुस्तीची सगळी खटपट या उंचीपर्यंतच करायची. तिथे पोचलात की खटपट थांबवून मुख्य छत्री सोडायची आणि राखीव उघडायची. १,००० फुटांखाली मात्र मुख्य छत्री सोडण्यातही वेळ घालवायचा नाही, थेट राखीव छत्रीचं हँडल ओढायचं.

हे आकडे जमिनीवर पाठ करायला सोपे आहेत. हवेत अडचण वेगळीच होते. डोक्यावर अर्धवट उघडलेली छत्री दिसत असते आणि आणखी एक झटका दिला की ती सुटेल असं वाटत राहतं. त्या प्रयत्नात माणूस अल्टिमीटरकडे पाहायचं विसरतो. निर्णयाची उंची आधीच ठरवून देण्यामागे हाच अनुभव आहे. जो निर्णय हवेत घेणं जड जातं, तो जमिनीवरच घेऊन वर जायचं.

आधी खात्री, मग निर्णय

छत्री उघडल्यावर स्कायडायव्हर तीन गोष्टी पाहतो. ती आहे का, चौकोनी आणि पूर्ण फुगलेली आहे का आणि वळणं व ब्रेक मानते आहे का. तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तरच ती उतरण्याजोगी.

बिघाडांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. पहिल्यात छत्री उघडतच नाही, म्हणजे वेग कमी होत नाही. हँडल सापडत नाही, पिशवीतून छत्री बाहेर येते पण दोऱ्यांत अडकून बंदच राहते किंवा पायलट चूट, म्हणजे मुख्य छत्रीला बाहेर खेचणारी छोटी ओढछत्री, हवेत फडफडत राहते आणि पिन मात्र निघत नाही. दुसऱ्या वर्गात छत्री उघडते पण बिघडलेली असते. दोऱ्यांना पीळ पडतात, एखादी दोरी छत्रीवरून पलीकडे जाते, गाठ बसते किंवा दोऱ्यांवरून खाली सरकत येऊन उघडण्याचा झटका सौम्य करणारा कापडी चौकोन, स्लायडर, वरच अडकतो.

दुसऱ्या वर्गातले काही बिघाड सुटतात. पीळ असेल तर रायझर, म्हणजे छत्रीच्या दोऱ्या खांद्यांशी जोडणारे पट्टे, फाकवून पाय झाडले की माणूस उलटा फिरून पीळ उकलतो. स्लायडर अडकला असेल तर ब्रेकची टॉगल्स, म्हणजे हातातल्या मुठी, पूर्ण खाली ओढून सोडल्यावर बहुधा उतरतो. छत्रीवरून गेलेली दोरी मात्र क्वचितच सुटते आणि अशी छत्री गरगर फिरवू लागली की उंची भराभर संपते.

ओढछत्री अडकण्याच्या बिघाडावर जाणकारांत आजही दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, वेळ घालवू नका, सरळ राखीव उघडा. त्यातला धोका असा की राखीव बाहेर पडली की पिशवीतला दाब कमी होतो आणि मुख्य छत्रीही मागाहून निसटून तिच्यात अडकू शकते. दुसरं मत म्हणतं, आधी मुख्य छत्रीची जोडणी सोडा, मग राखीव उघडा. त्यात एक हँडल जास्त ओढावं लागतं आणि सुटलेली मुख्य छत्री राखीवच्या वाटेत येण्याची शक्यता उरते. संघटनेने दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत. आग्रह फक्त एवढाच की प्रशिक्षकाशी बोलून एक पद्धत आधीच निवडावी आणि तिचाच सराव करावा. ताशी १९० किलोमीटर वेगाने पडताना वाद घालायला सवड नसते.

दोन्ही छत्र्या एकाच वेळी उघडल्या तर आणखी संयम लागतो. एकामागे एक शांत उडत असतील तर त्यांना छेडायचं नाही, हलक्या हाताने वळवत उतरायचं. दोन्ही एकमेकींपासून दूर जाऊन जमिनीकडे झेपावू लागल्या तर मात्र मुख्य छत्री तत्काळ सोडायची.

तीन कड्यांची करामत

मुख्य छत्री सोडणं, म्हणजे कटअवे, आज एका हँडलचं काम आहे. पूर्वी तसं नव्हतं. दोन्ही खांद्यांवर लष्करी घडणीच्या धातूच्या पकडी असत आणि त्यांची झाकणं उघडून प्रत्येक बाजू वेगळी सोडावी लागे. एक बाजू सुटली आणि दुसरी अडली तर माणूस आधीच्यापेक्षा मोठ्या संकटात सापडे.

१९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या बिल बूथ यांनी यावर तीन कड्यांचा उपाय शोधला. मोठं कडं माणसाच्या हार्नेसला, मधलं आणि लहान कडं छत्रीच्या रायझरला. मधलं कडं मोठ्यातून आणि लहान कडं मधल्यातून ओवून दुमडायचं आणि शेवटी लहान कड्यावर दोरीचा एक छोटा फास घालून त्यातून प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार सरकवायची. प्रत्येक कडं तरफेसारखं काम करतं. त्यामुळे खांद्यावर माणसाचं सगळं वजन लोंबकळत असलं, तरी फासावर त्याचा अगदी अल्प अंशच येतो. उजव्या बाजूचं हँडल ओढलं की तार निघते, फास सुटतो, कडी एकामागून एक उलगडतात आणि दोन्ही खांदे जवळजवळ एकाच क्षणी मोकळे होतात. आज जगभरातल्या खेळाच्या पॅराशूटांवर हीच रचना दिसते.

तिलाही निगा लागते. बराच काळ न हलवलेला पट्टा दुमडलेल्या आकारातच ताठ होतो आणि तारेच्या आवरणावर चिकट थर धरतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी कडी सुटी करून पट्टे वाकवायचे, पिळायचे, तार पुसून तिला सिलिकोनचा हात द्यायचा. काम पाच-दहा मिनिटांचं आहे. टाळणाऱ्यांची संख्याही त्यामुळेच मोठी आहे.

हात विसरले तर

कटअवे करून राखीव उघडायला उशीर केल्याने किंवा काहीच न ओढल्याने अनेक जीव गेले. त्यावर दोन साधनं आली. पहिलं, मुख्य छत्रीच्या रायझरपासून राखीव छत्रीच्या पिनेपर्यंत नेलेली दोरी. सुटून जाणारी मुख्य छत्रीच जाता जाता राखीवची पिन काढते. पुढे बूथ यांनीच आणलेल्या स्कायहुक या रचनेत सुटलेली मुख्य छत्री राखीव छत्रीला प्रत्यक्ष खेचून बाहेर काढते, त्यामुळे ती फार थोड्या उंचीत उघडते.

दुसरं साधन म्हणजे आपोआप उघडणारं यंत्र. १९९१मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांच्या एअरटेक कंपनीने सायप्रेस बाजारात आणलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग सतत मोजतं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात, साधारण २२५ मीटर उंचीवरही माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल तर आतला छोटा बारूदी कटर राखीव पिशवी बंद ठेवणारा फास कापतो. या क्षणी जमीन अवघी चार-पाच सेकंद दूर असते. बेशुद्ध पडलेले, आपटून गोंधळलेले आणि उंचीचं भान हरपलेले कितीतरी लोक या यंत्रामुळे वाचले.

पण यंत्र माणसाचा हेतू ओळखत नाही. लहान, चपळ छत्र्यांवर वेगाने गिरक्या घेत उतरण्याचं वेड वाढलं, तेव्हा व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखालीही यंत्राची वेगमर्यादा ओलांडली जाऊ लागली आणि राखीव नको त्या क्षणी सुटण्याचा धोका निर्माण झाला. अशा स्कायडायव्हरांसाठी मग वेगळे प्रकार काढावे लागले. साधनं जितकी सुरक्षित होतील तितकी माणसं जास्त धाडस करतील, असा इशारा बूथ यांनी दिला होता. तो खरा ठरला. गेली कित्येक वर्षं अमेरिकेतल्या मृत्यूंचा मोठा वाटा बिनचूक उघडलेल्या छत्रीखाली होतो आहे. जमिनीजवळ घेतलेलं जोरकस वळण किंवा दुसऱ्या छत्रीशी टक्कर ही त्याची कारणं. सुधारलेल्या साधनांनी मिळवून दिलेले सेकंद माणूस पुन्हा धाडसावर खर्च करतो.

जमिनीवर दिसणारे अपघात

साहित्याचे पुष्कळसे बिघाड विमानात चढण्याआधी दिसू शकतात. पिशवी बंद ठेवणारा फास झिजला असेल तर तो हवेत नको तेव्हा तुटतो. दाराशी उभं असताना तुटला तर छत्री विमानाच्या शेपटीत अडकू शकते. ओढछत्रीची आतली दोरी ताणून ती तयार ठेवायला विसरलं तर ती फुगतच नाही. तेवढ्यासाठी तिच्या पट्ट्यावर छोटी खिडकी ठेवलेली असते, तिच्यात दोरीचा रंग दिसला की तयारी झाली. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने आखडतात. ब्रेकची दोरी आखडली की टॉगल वर असूनही छत्री ब्रेकमध्येच उडते आणि उतरताना हवा तसा उठाव देत नाही. उन्हात पडून राहिलेलं नायलॉन वरून चांगलं दिसतं, आतून कमजोर होत जातं.

१९८०च्या दशकात रिगरांना याहून गूढ बिघाड सापडला. काही गोल राखीव छत्र्यांत वापरलेली जाळी आम्लधर्मी निघाली आणि तिला लागून असलेलं नायलॉन हळूहळू खाल्लं जात होतं. बाहेरून काही कळायचं नाही. मग ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे रसायन लावून रंग तपासायचा आणि कापडाला ठरलेला ताण देऊन पाहायचं, अशी पद्धत लागू झाली. ठराविक मुदतीने राखीव छत्री सोडून पाहायचीच, या नियमाचं मोल अशा वेळी समजतं.

म्हणून तपासणी तीनदा होते. अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि दारातून बाहेर पडण्याआधी. कडी, छातीचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, दोन्ही हँडल्स, यंत्र सुरू आहे का आणि पाठीवरच्या पिना. पिना स्वतःला दिसत नाहीत, त्या दुसऱ्याकडून पाहून घ्यायच्या. चुकीचा ओवलेला छातीचा पट्टा अनुभवी माणसाचाही जीव घेऊ शकतो.

अंगावरच्या कपड्यांनाही हीच दक्षता लागते. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २००४मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८मध्ये थायलंडमधल्या पट्टाया इथे त्यांनी नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली, तेव्हा महाराष्ट्रात कौतुक झालं ते साडीचं. साहित्याच्या दृष्टीने पाहिलं तर तिथे खरं कौशल्य साडी पिनांनी आणि चिकटपट्टीने जखडण्यात होतं. सव्वाआठ मीटर कापडाचा एखादा पदर सुटला तर तो हँडल झाकू शकतो किंवा उघडत्या छत्रीत अडकू शकतो.

उडी मारणाऱ्या वाचकासाठी

सहलीला गेलेले आपल्याकडचे तरुण आता प्रशिक्षकाला बांधून घेऊन टँडम उडी मारतात, कामशेतला पॅराग्लायडिंग करतात. २०२२मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात हे दोन्ही खेळ येतात. धोरण चांगलं आहे, पण उडीच्या सकाळी तुमच्याजवळ ते उभं राहणार नाही. राखीव छत्री शेवटची कधी बांधली, ते कार्ड पाहायला मागा. टँडम असेल तर आपोआप उघडणारं यंत्र आहे का आणि सुरू आहे का, हे विचारा. प्रशिक्षकाची टँडमची पात्रता विचारा. तुमचे मांड्यांचे पट्टे आणि प्रशिक्षकाशी जोडणारे हूक दुसऱ्या माणसाने तपासले का, ते पाहा. वाऱ्यामुळे उडी रद्द झाली तर पैशांवरून हुज्जत घालू नका, उलट रद्द करणाऱ्याचे आभार माना. आणि कार्डावरची तारीख दाखवा म्हटल्यावर जो चिडेल, त्याच्याबरोबर जमीन सोडू नका.