एक टोक आभाळाला, एक टोक पाण्याला

या पोरांनो, खाटेवर बसा. अंगणातला दिवा मालवा म्हणजे चांदण्या दिसतील. आज दुपारी थोरलीनं विचारलं होतं, "आबा, भर समुद्रात मोबाइलचा टॉवर नसतो. मग शिडाच्या नावेवर एकटा असलेला माणूस हजारो कोसांवरच्या लोकांशी बोलतो कसा?"

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही. पैनगंगा आहे, अडाण आहे, बेंबळा आहे. तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर एके काळी आपल्याच घराच्या कवेलूंवर होतं.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा घरात मोठा लाकडी रेडिओ होता. माझ्या बाबांनी छपराच्या दोन टोकांना उंच बांबू उभे केले आणि मध्ये तांब्याची तार ताणली. तार बांबूला थेट बांधली नव्हती. दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोटे होते, म्हणजे तारेतली वीज ओल्या बांबूतून निसटू नये. तारेचं एक शेपूट खाली रेडिओत येई. रेडिओची दुसरी तार न्हाणीजवळ जमिनीत गाडलेल्या सळईला जोडलेली. बुधवारी रात्री आठ वाजता सारी आळी आमच्या ओट्यावर जमे, कारण रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची. कोलंबो इथून सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर आहे. मध्ये डोंगर, जंगलं, समुद्राची पट्टी. आवाज येई कुठून?

"तारेतून?" धाकट्या, तार फक्त त्याला झेलत होती. आवाज येत होता वरून, आभाळातून.

वर बघा. जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरवर एक निराळा मुलूख सुरू होतो आणि पुढे शेकडो किलोमीटर पसरतो. त्याला आयनांबर म्हणतात. दिवसभर सूर्याचे अतिनील किरण तिथल्या विरळ हवेला पिंजतात. पिंजाऱ्यानं सरकी काढलेल्या कापसाचे तंतू सुटे करावेत, तसे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. रेडिओच्या लघुलहरी तिरप्या वर गेल्या की हे सुटे इलेक्ट्रॉन त्यांना हळूहळू वाकवतात आणि पुन्हा जमिनीकडे पाठवतात. चपटा दगड तळ्यावर भिरकावला की तो टप्पे घेत जातो ना? लहरही तशीच आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये टप्पे घेते. वरच्या थरावरून घेतलेला एकच टप्पा तीनेक हजार किलोमीटरचा असू शकतो. कोलंबोचं गाणं आपल्या ओट्यावर एका टप्प्यात यायचं.

दूरची स्टेशनं रात्री जास्त लागतात, हे तुम्ही पाहिलंय. आयनांबराच्या सगळ्यांत खालच्या थरात हवा त्यातल्या त्यात दाट असते. लहरीनं हलवलेले इलेक्ट्रॉन तिथे हवेच्या कणांवर आपटतात आणि लहरीची शक्ती उष्णतेत विरते. मध्यमलहरींना याचा फटका फार. दिवस मावळला की त्या दाट वस्तीत सुट्या इलेक्ट्रॉनांची जोडी लवकर जमते आणि तो थर जवळजवळ नाहीसा होतो. अगदी वर हवा इतकी विरळ की जोडी जमायला वेळ लागतो, म्हणून वरचा थर रात्रभर टिकतो. खालचा पडदा सरकतो, वरचा आरसा राहतो.

हा आरसा माणसाला सापडला तोही एका उडवलेल्या तारेमुळे. 12 डिसेंबर 1901 रोजी मार्कोनीनं न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंगाला तार बांधून ती उंच चढवली आणि इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आलेला संकेत ऐकू आल्याचं सांगितलं. पृथ्वी गोल, मग सरळ जाणारी लहर वळली कशी? 1902 मध्ये केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं की वर विद्युतभारित थर असावा. 1924 मध्ये ॲपल्टन यांनी प्रयोगानं तो दाखवून दिला. त्यासाठी त्यांना 1947 चं नोबेल मिळालं.

आता नावेवर चला. नावेवर दोन बांबू कुठले? पण डोलकाठी पुढे पडू नये म्हणून तिच्या शेंड्यापासून नावेच्या मागच्या टोकापर्यंत पोलादी दोर ताणलेला असतोच. नावाडी त्याच दोराची अँटेना करतात. वर एक आणि खाली एक जागा पाहून दोर कापतात आणि तिथे वीज न जाऊ देणारे मजबूत गोटे बसवतात. हे गोटे साधे चालत नाहीत, कारण वादळात साऱ्या डोलकाठीचा ताण त्यांच्यावर येतो. खालचा गोटा माणसाच्या हाताच्या वर ठेवतात. बोलताना त्या दोरात विजेचा इतका दाब असतो की हात लागला तर भाजतो.

मग लांबीचा हिशेब. 300 ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आपल्या रेडिओवर 41 मीटर लिहिलेलं असायचं ते हेच. 8 मेगाहर्ट्झची लहर साडेसदतीस मीटरची. तिच्या चौथाईएवढी, म्हणजे नऊ-साडेनऊ मीटर तार तिला आपसूक साद देते. पण नावेला दिवसा एक लहर लागते आणि रात्री दुसरी, आणि दोर तर दर वेळी कापता येत नाही. म्हणून दोराच्या बुडाशी एक पेटी बसवतात. तिच्यातली वेटोळी आणि धारित्रं जोडून-सोडून तीच तार विजेला हवी तेवढी लांब किंवा आखूड भासवतात.

एवढं करूनही नाव मुकी राहू शकते. का? कारण तार ही अँटेनेची अर्धीच बाजू. दुसरी बाजू खाली लागते, जशी आपल्या न्हाणीजवळची सळई. नावेवर पेटीपासून तांब्याची रुंद पट्टी खाली नेऊन खाऱ्या पाण्याशी नातं जोडतात. पट्टी रुंद अशासाठी की इतक्या वेगानं उलटसुलट होणारी वीज धातूच्या पृष्ठभागावरूनच धावते. आणि खारं पाणी म्हणजे जमिनीपेक्षा कितीतरी चांगला वाहक. म्हणून समुद्रावरून निघालेली लहर क्षितिजालगत, अगदी कमी चढानं जाते आणि तिचा टप्पा लांब पडतो.

हे किती मोलाचं आहे ते सुहैली नावेला विचारा. 32 फुटांची ती सागवानी नाव मुंबईत, कुलाब्याला बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला इंग्लंडहून निघाले आणि 22 एप्रिल 1969 ला परतले. कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला. न्यूझीलंडजवळ नाव दिसली, त्यानंतर काही महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे घरी कुणालाच कळलं नाही. आभाळातला आरसा तेव्हाही डोक्यावर होताच. त्याच्यापर्यंत आवाज पोचवणारं साधन तेवढं नव्हतं.

आता माझी आठवण सांगतो आणि झोपू. वैशाखात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विहिरीचं पाणी आटलं की न्हाणीचंही सांडपाणी कमी होई आणि सळईभोवतीची माती सुकून जाई. मग गीतमालेच्या वेळी खरखर वाढायची. बाबा म्हणायचे, "जा रे, सळईला लोटाभर पाणी घाल." मी पाणी घालायचो, माती ते घटाघट प्यायची आणि खरखर कमी व्हायची. तेव्हा मला ती जादू वाटे. पुढे कळलं की नावेखाली अख्खा समुद्र जे काम करतो, तेच आपल्या अंगणात लोटाभर पाणी करत होतं.

उद्या दोन बांबू शोधू. धाकट्या, लोटा तुझ्याकडे.