आधी कान, मग छत्री : अनेक भाषांच्या घरासाठी टीव्हीची आखणी

मागच्या वेळी आपण घरातल्या भाषेविषयी बोललो. त्यानंतर अंबडच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "आमच्या घरात तीन भाषा बोलल्या जातात. सगळ्यांना आपापल्या भाषेतलं बघता यावं, अशी छत्री कशी बसवायची?" आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, असं तुम्हाला वाटेल. पण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर आम्ही स्वतःच्या घरात एकदा देऊन बसलो आहोत. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, पण इथल्या भाषा त्याहून फार जुन्या. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. शाळा-कचेरीची भाषा उर्दू. घरात मराठी, बाजारात मारवाडी आणि हिंदी, तांड्यांवर गोरमाटी. पुढे स्टीलच्या कारखान्यांमुळे बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार आले. नांदेडच्या सीमेकडून सून आली की तिच्याबरोबर तेलुगू येते. तेव्हा तीन भाषांचं घर ही इथे नवलाची गोष्ट नाही.

आता आमची चूक सांगतो. आमचे वडील उर्दू माध्यमात शिकलेले. घरात मराठीच बोलायचे, पण वाचायला बसले की उर्दू. ते पंच्याऐंशीच्या पुढे गेले तेव्हा आम्ही घरी छत्री बसवली. दर विचारला, वाहिन्या किती ते विचारलं, हप्ता विचारला. वडिलांना काहीच विचारलं नाही. ते रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर मराठी मालिका बघत बसायचे, गप्प. दोन वर्षांनी बॉक्स दुरुस्तीला आलेल्या मुलाने सहज यादी चाळली, आणि खाली कुठेतरी उर्दू वाहिनी निघाली. दोन वर्षं ती रोज आमच्या गच्चीवर उतरत होती. आम्ही ती उघडली नव्हती, इतकंच. तोवर वडिलांना ऐकू येणं फार कमी झालं होतं.

म्हणून पहिली पायरी गच्चीवर नाही, स्वयंपाकघरात आहे. एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. त्यापुढे तीन गोष्टी : कोणती भाषा, काय बघायला आवडतं, आणि दिवसातली कोणती वेळ. जो माणूस "मला काहीही चालेल" म्हणतो, त्याला दोनदा विचारा. बहुतेक वेळा त्याचीच भाषा राहून गेलेली असते.

दुसरी पायरी, आकाश. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे दिसतात. यामुळेच छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, तेव्हा छत्रीचं तोंड दक्षिणेच्या बाजूलाच येणार. पण नेमकं कुठे, हे उपग्रहावर ठरतं. दूरदर्शनची डीडी फ्री डिश सध्या जीसॅट-१५ वरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जालन्याहून तो होकायंत्राच्या सुमारे १३७ अंशावर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर आग्नेयेला, आणि क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. ८३ अंशावरचा उपग्रह दक्षिणेला अधिक सरकलेला, सुमारे १६० अंशावर आणि ६५ अंश उंच. १०८.२ अंशावरचा पूर्वेकडे, सुमारे ११८ अंशावर आणि ४७ अंश उंच. कंपनी बदलली की छत्रीची दिशा का बदलते, ते यावरून कळेल. शेजाऱ्याची छत्री बघून आपली वळवू नका.

आणखी एक गंमत बघा. उपग्रह ५९ अंश वर असला तरी छत्री तितकी आभाळाकडे वळलेली दिसत नाही, बरीच उभी दिसते. तिची बनावटच तशी असते, लहर तिरकी येऊन खालच्या दांड्यावरच्या एलएनबीवर पडते. म्हणून "ही तर वाकडी बसवली" असं म्हणून कुणी ती हलवू नये.

तिसरी पायरी, कागद आणि आकाश यांचा मेळ घालायचा. डीडी फ्री डिशला मासिक पैसे लागत नाहीत. ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिच्यावर दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्या आहेत : मराठीसाठी सह्याद्री, तेलुगूसाठी यादगिरी आणि सप्तगिरी, कन्नडसाठी चंदना, गुजरातीसाठी गिरनार, शिवाय डीडी उर्दू आणि डीडी बिहार. मात्र एक अडचण आहे. काही वाहिन्या एमपेग-४ पद्धतीने येतात आणि जुन्या बॉक्सवर त्या दिसत नाहीत. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा आहे ना, एवढं विचारा. खाजगी सेवा घेणार असाल, तर २०१९ पासून सुटी वाहिनी निवडता येते. एका भाषेसाठी आख्खा गठ्ठा घेण्याआधी दोन्हींचा हिशेब मांडा.

कधी कधी नवी वाहिनीही लागत नाही. मुलांच्या किंवा माहितीपटांच्या काही वाहिन्यांवर चित्र एक आणि आवाज अनेक भाषांत असतो. रिमोटवर 'ऑडिओ' किंवा 'लँग्वेज'चं बटण दाबा, भाषा बदलते. ही कल्पना जुनीच आहे. १९७५-७६ साली 'साइट' या प्रयोगात एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. तेव्हाही एकाच चित्राबरोबर दोन भाषांचे आवाज पाठवण्याची सोय होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

चौथी पायरी, गच्ची. आग्नेयेकडचं आभाळ मोकळं हवं. ढोबळ हिशेब असा : समोरची टाकी किंवा झाड छत्रीपेक्षा दहा फूट उंच असेल, तर जीसॅट-१५ साठी ते किमान सहा-सात फूट लांब हवं. झाड वाढतं, हेही धरा. खांब पत्र्याला नको, भिंतीला किंवा स्लॅबला पक्का करा, कारण अवकाळीचा वारा छत्री दोन अंश जरी हलवून गेला तरी चित्र जातं. वायर आरजी-६ ची आणि शक्यतो तीस मीटरच्या आत. घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी आत ओघळत नाही. खांबाला अर्थिंग करा आणि विजा चमकू लागण्याआधीच वायर बॉक्सपासून काढून ठेवा. मोठ्या पावसात चित्र थोडा वेळ गेलं, तर घाबरू नका. या लहरी पाण्याने क्षीण होतात.

आता शेवटचं, आणि सगळ्यांत अवघड. छत्रीवर शेकडो वाहिन्या एकाच वेळी उतरतात, पण एका टीव्हीवर एकच दिसते. सगळ्या भाषा घरात आल्या, म्हणजे सगळ्यांना मिळाल्या असं होत नाही. ज्याच्या हातात रिमोट, त्याची भाषा. जमत असेल तर दोन तोंडांची एलएनबी लावून दुसरा बॉक्स, दुसरा टीव्ही घ्या. नसेल जमत, तर त्या पहिल्या कागदावर वेळा वाटून घ्या आणि तो टीव्हीशेजारी चिकटवा. सुनेच्या तेलुगू बातम्यांना अर्धा तास, आजोबांच्या उर्दूला अर्धा तास. त्या वेळी बाकीच्यांनीही जरा शेजारी बसावं. भाषा कळली नाही तरी चालेल. आपलं माणूस कशाला हसतं, ते तर कळेल.

अंबडच्या श्रोत्यांना आमचं उत्तर एवढंच. मेस्त्रीला फोन करण्याआधी आज रात्री जेवताना सगळ्यांना विचारा. आम्हाला ते दोन वर्षं सुचलं नाही.