यतीम मुलाचा भरवसा जिंकायचा कसा?

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले. सहाव्या वर्षी आई, आठव्या वर्षी आजोबा गेले. मग चाचा अबू तालिब यांनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले.

आपल्या घरी आलेले यतीम मूल रात्री दचकून उठते, भाकरी लपवून ठेवते, जवळ घेतले तर अंग चोरते. हा हट्टीपणा नाही. ‘हे लोकही मला सोडतील’ ही भीती आहे. ती खेळण्यांनी जात नाही, पाळलेल्या शब्दाने जाते. “मगरिबला येतो” म्हटलं, तर मगरिबलाच या. उशीर झालाच तर माफी मागा. “परत पाठवून देईन” अशी धमकी रागातही देऊ नका. भरवसा बसायला महिने लागतात, कधी वर्षे. सब्र ठेवा. झोप-जेवण बिघडतच राहिले, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.