पायाने फिरणारा लेथ

लाकूड फिरवून त्याला गोल घाट देणाऱ्या कारागिराला कातारी म्हणतात. इंग्लंडमध्ये आजही काही कातारी जुना, पायाने चालणारा लेथ प्रेक्षकांना चालवून दाखवितात. त्यात डोक्यावर एक लवचीक काठी असते. तिच्या टोकाची दोरी लाकडाच्या ठोकळ्याला वेढा घेऊन पायाखालच्या फळीला बांधलेली असते. फळी दाबली की लाकूड कातारीकडे फिरते. तेवढ्यात हत्यार लावून ते कातावयाचे. पाय उचलताच काठी दोरी वर ओढते व लाकूड उलट फिरते. तेव्हा हत्यार किंचित मागे घ्यावयाचे. हात व पाय यांचा हा मेळ साधणे, हेच खरे कौशल्य!

बकलबरी येथील जॉर्ज लेली हे या कलेत निष्णात होते. एकाच ठोकळ्यातून ते एकात एक बसणारे अनेक वाडगे काढीत. १९५८ साली ते वारले आणि त्यांचा लेथ थांबला. तो व त्यांची हत्यारे रेडिंगच्या संग्रहालयात गेली. पुढे रॉबिन वुड यांनी ती हत्यारे बारकाईने न्याहाळली, तशीच स्वतः घडविली आणि परिश्रमाने ही विद्या पुन्हा हस्तगत केली.

हत्यारे संग्रहालयात टिकतात. विद्या मात्र करणाऱ्याच्या हातीच जिवंत राहते.