ठिणग्या उडाल्या म्हणजे धार लागली?

बहरीनमध्ये सलमाबादला कुणी सहज फिरायला जात नाही. गाडी बिघडली, लोखंडी गेट करून घ्यायचंय, ठोकर बसलेला पत्रा सरळ करायचाय, असं काही निमित्त लागतं. गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं, आणि बहुतेक शटरांआड एक बेंच ग्राइंडर. त्यामुळे बकरी ईद जवळ आली किंवा अख्खी सुरमई (इथे तिला कनाद म्हणतात) घरी कापायचं ठरलं की मोठा सुराही गाडीच्या डिकीतून तिकडे निघतो. "भाई, जरा धार मार दो." अर्ध्या मिनिटात ठिणग्यांचं झाड फुलतं, पातं लखलखतं, आपण खूश.

आठवड्याभरात सुरा पुन्हा टोमॅटोवरून घसरायला लागतो, आणि खापर सुऱ्यावर फुटतं: "हल्लीचं पोलादच हलकं."

पोलाद बिचारं बरं होतं. 150 मिमी व्यासाचं चाक मिनिटाला 2850 फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते. पात्याची पाठ जाड, तिच्यात उष्णता पसरून जाते. धारेची कड कागदाहून पातळ, तिथे उष्णतेला पळायला जागाच नाही. सुऱ्याचं पोलाद आधी तापवून विझवलेलं आणि मग बेताच्या आचेवर शेकून चिवट केलेलं असतं. त्या आचेपेक्षा कड जास्त तापली की ती मऊ पडते. साध्या पोलादावर साधारण 220 अंश सेल्सिअसला गवती पिवळा रंग उठतो, 300च्या आसपास निळा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: पाणी उतरलं. पॉलिशच्या चाकावर निळा डाग निघून जातो, उतरलेलं पाणी परत चढत नाही. स्टेनलेस पात्यावर तर हे रंग उशिरा दिसतात, म्हणून डाग नाही म्हणजे नुकसान नाही असंही धरून चालू नका.

मग खरी धार कुठे लागते? दगडावर, पाण्याबरोबर, कंटाळवाण्या संथपणे. 1000 नंबरचा दगड घरच्या सुऱ्याला पुरतो. फारच बोथट असेल तर आधी 300-400चा. कोन दोन्ही बाजूंनी 15 ते 20 अंश. कोनमापक लागत नाही. पातं 45 मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 12 ते 15 मिमी वर धरायची, एवढंच. मोठ्या सुऱ्याची अडचण वेगळी: तो दगडापेक्षा लांब असतो आणि टोकाकडे वळतो. त्याला तुकड्या-तुकड्याने घासावं लागतं, आणि वळणावर मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर पोट धारदार आणि टोक ठोंब्या. एक बाजू घासता घासता दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कोर उलटून येते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. ती पूर्ण लांबीभर हाताला लागली की बाजू बदलायची. बर आलीच नाही तर धार लागलेलीच नाही, मग पातं कितीही चमको.

पोलादी सळईबद्दल लोक दोन टोकांची मतं बाळगून असतात. एक म्हणतो, सळईनेच धार लागते. दुसरा म्हणतो, सळई फक्त वाकलेली कड सरळ करते. खाटकाच्या हातातली खाचांची सळई दोन्ही थोडं थोडं करते: कड सरळ होते आणि जराशी खरवडलीही जाते. मात्र झिजून गोल झालेल्या कडेला तिचा इलाज नाही.

चामड्याच्या पट्ट्याभोवती तर न्हाव्याच्या दुकानातली सगळी जादू जमा झाली आहे. वस्तरा सपासप फिरवला की धार आली! अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन यांनी धार लावलेल्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. नुसत्या कोऱ्या चामड्याने फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. काम करते ती चामड्यावर चोळलेली हिरवी पेस्ट. ती क्रोमियम ऑक्साइडची असते, आणि तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे. दगडानंतर उरलेली बर काढायला ती उत्तम, दगडाऐवजी मात्र नाही. वस्तऱ्याचा लोंबता पट्टा मोठ्या सुऱ्याला वापरू नये: तो दाबाने झोळ खातो आणि कड गोल करून ठेवतो. सपाट लाकडी फळीवर चिकटवलेलं चामडं बरं. पातं नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचं, हलक्या हाताने, दहा-पंधरा वेळा. त्याहून जास्त घासलं तर कष्टाने लावलेली धार आपणच पुसतो.

पॉलिश करणाऱ्यांचा आपल्याकडे मोठा मान होता. शिकलगार हा शब्दच 'सैकल' या अरबी शब्दावरून फारसीमार्गे आला, आणि त्याच्या मुळाशी झिलई करणं हा अर्थ आहे. म्हणजे सलमाबादच्या रस्त्यावर बोलली जाणारी भाषा आपल्या गावातल्या आडनावात बसलेली आहे. पण तलवारीला शोभणारी आरशाची झिलई स्वयंपाकघरात प्रत्येक वेळी उपयोगाची नसते. टोमॅटोची साल, कनादची कातडी, मांसाचा धागा कापायला कडेला बारीक दात हवेत. 1000च्या दगडावरून आलेला, पट्ट्यावर जेमतेम फिरवलेला सुरा इथे आरशासारख्या सुऱ्याला मागे टाकतो. झिलई हवी ती दाढीच्या वस्तऱ्याला.

आणि मऊ वस्तूने पोलाद बोथट होत नाही, हा समज? 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की पोलादापेक्षा जवळपास 50 पट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडच्या कडेचे टवके काढू शकतो. मग काचेच्या पाटावर किंवा स्टीलच्या ताटात कापणाऱ्यांनी काय ते समजावं.

तरीही सलमाबादलाच जाणार असाल तर एवढं करा. ग्राइंडरशेजारी पाण्याचा डबा आहे का ते आधी बघा. पातं चाकाला टेकवून लगेच उचलायचं, दर घासणीनंतर पाण्यात बुडवायचं, आणि पाण्याचे थेंब कडेवरून उडून जायच्या आत पुन्हा बुडवायचं. डबा नसेल, किंवा असून कोरडा असेल, तर सुरा परत डिकीत ठेवा.