वायर काढण्याआधी : घरचं नेट आणि मोबाइलचा डेटा यांबद्दलचे गैरसमज

घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, प्रत्येकाच्या सिमवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे, मग भिंतीवरच्या डब्यासाठी महिन्याला वेगळे पाच-सातशे रुपये कशाला मोजायचे? नवी मुंबईतल्या दिघ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न रास्त आहे. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पाळीवर जाणारी माणसं, भाड्याच्या खोल्या, मोजका पगार. इथे प्रत्येक बिल दोनदा पाहिलं जातं. देशाचं चित्रही याच बाजूला झुकलेलं आहे. भारतातल्या दर शंभर ब्रॉडबँड जोडण्यांपैकी सुमारे पंच्याण्णव बिनतारी आहेत, वायरच्या जेमतेम चार-पाच. त्यामुळे वायर काढून मोबाइलवर जाणारा माणूस काही जगावेगळं करत नाही. मात्र हा निर्णय ज्या समजुतींवर घेतला जातो, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि त्या दोन्ही बाजूंच्या आहेत. त्या तपासताना एकच कसोटी हाताशी ठेवावी. घरचं नेट जास्तीत जास्त किती पळतं याला फार महत्त्व नाही. रात्री नऊ वाजता, सगळी गल्ली घरी आलेली असताना ते किती उरतं, यावर निवड करायची असते.

गैरसमज : मोबाइलचं नेट हवेतून येतं, त्याला वायर लागत नाही.

हवेतून येतो तो फक्त शेवटचा टप्पा, शहरात साधारण काही शे मीटरचा. टॉवरच्या पायथ्याशी तुमचा डेटा एकतर जमिनीखालच्या फायबरमध्ये उतरतो किंवा मायक्रोवेव्हच्या गोल थाळीवरून दुसऱ्या टॉवरकडे जाऊन तिथे फायबरला मिळतो. दिघ्यापासून ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाने खाली निघालं की ऐरोली, रबाळे, घणसोली ही स्थानकं लागतात, आणि याच पट्ट्यात पुढे महापेपर्यंत मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. जिओचं मुख्यालयही घणसोलीतच आहे. फोनवर पाहिलेला व्हिडिओ अशाच एखाद्या इमारतीतून काचेच्या धाग्यावरून टॉवरपर्यंत येतो आणि तिथून पुढेच तो हवेत असतो. ‘एअरफायबर’ या नावाने मिळणारी सेवाही अशीच. एअरटेलने ती ऑगस्ट २०२३मध्ये दिल्ली आणि मुंबईत आणली, जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, आठ शहरांत सुरू केली. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक अँटेना बसते, ती ५जी टॉवरशी बोलते आणि तिथून एक वायर घरातल्या राउटरला जाते. काही ठिकाणी तर ५जी नसतंच. जवळच्या इमारतीपर्यंत आलेलं फायबर तिथून साध्या परवानामुक्त रेडिओ लहरींवर घरांत पोचवलं जातं. म्हणजे ‘वायर की बिनवायर’ असा हा प्रश्नच नाही. वायर तुमच्या दारापाशी संपावी की टॉवरपाशी, एवढंच ठरवायचं असतं.

गैरसमज : फोनवर पूर्ण रेंज आणि ‘५जी’ दिसतंय, म्हणजे स्पीड पूर्ण मिळणार.

रेंजच्या काड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठ्याने येतो. त्या टॉवरशी आणखी किती जण बोलत आहेत, हे त्या सांगत नाहीत. टॉवरची एका दिशेची क्षमता त्या दिशेच्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. त्यात तुमचे शेजारी आले, ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलेल्या बसमधले प्रवासी आले आणि जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या दिघा गाव स्थानकात गाडीची वाट पाहणारेही आले. यावर कुणी म्हणेल, फायबर तरी कुठे एकट्याचं असतं? आक्षेप बरोबर आहे. घरगुती फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका धाग्यावरचे सुमारे अडीच हजार एमबीपीएस साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पण तिथे वाटेकरी ठरलेले आहेत. ३२ घरांनी एकाच क्षणी नळ पूर्ण सोडला तरी हिशेबाने प्रत्येकाला ७५-७८ एमबीपीएस येतात, आणि तसा क्षण जवळपास येतच नाही. टॉवरचे वाटेकरी मात्र तासातासाला बदलतात. ५जीत एअरफायबरच्या घरांसाठी वेगळा वाटा राखून ठेवता येतो, ही गोष्टही खरी आहे. पण तो वाटाही त्याच एका टॉवरच्या क्षमतेतून निघतो. म्हणून तर कंपन्या पत्ता तपासल्याशिवाय जोडणी देत नाहीत.

दिघ्याची जमीनही यात भाग घेते. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी, मध्ये रस्ता, रेल्वे आणि कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. डोंगराच्या कुशीत शिरलेल्या इलठणपाड्यासारख्या वस्तीत एका घराला टॉवर समोर दिसतो, तर चार पायऱ्या खालच्या घराच्या आड डोंगर किंवा इमारत येते. उलट फार उंचावरच्या घराला एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात आणि फोन यावरून त्यावर उड्या मारत राहतो. लहरींचे स्वभावही वेगळे असतात. ७०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी आत येते, ५जीचा मोठा स्पीड देणारी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर काँक्रीटमध्ये बरीच खर्ची पडते, आणि पत्र्याच्या छपरातून तर कुठलीच धड शिरत नाही. खिडकीत उभं राहून मोजलेला स्पीड आतल्या खोलीत निम्मासुद्धा न राहण्याचं कारण हेच. एअरफायबरची अँटेना बाहेर बसवतात तीही यासाठीच. आणि म्हणूनच खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट आणि एअरफायबर या दोन गोष्टी एक समजू नयेत.

गैरसमज : प्लॅन अनलिमिटेड आहे, घरभर पुरेल.

‘अनलिमिटेड ५जी’ला तीन अटी आहेत. फोन ५जीचा हवा, फोन त्या क्षणी ५जीवर हवा आणि रिचार्ज ठरावीक प्लॅनचा हवा. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओने ही सवलत रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या प्लॅनपुरती ठेवली. आतल्या खोलीत फोन ४जीवर उतरला की मीटर चालू होतं आणि रोजच्या कोट्यातून डेटा कापला जातो. कोटा संपल्यावर नेट ‘चालू’ राहतं, पण बहुधा ६४ केबीपीएसने. सरकारच्या जानेवारी २०२३च्या व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस मिळाल्याशिवाय त्याला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. ६४ केबीपीएस म्हणजे त्या किमान वेगाचा तिसावा हिस्सासुद्धा नाही.

आता घराचा हिशेब मांडू. टीव्हीवर एचडी दर्जाचा व्हिडिओ तासाला सुमारे तीन जीबी खातो. रोज तीन तास टीव्ही चालला तर महिन्याला २७० जीबी. त्यात दोन मुलांचे व्हिडिओ, फोनचे अपडेट आणि कॅमेरा असल्यास त्याचं रेकॉर्डिंग धरलं की चारशे जीबी सहज होतात. रोजच्या दोन जीबीत हाच टीव्ही चाळीस मिनिटांत थांबेल. एअरफायबरची मर्यादा साधारण महिन्याला १००० जीबी असते आणि वायरच्या फायबरची सुमारे ३३०० जीबी, त्यामुळे या दोन्हींत असं घर आरामात बसतं. हॉटस्पॉटची अडचण आणखी एक. ज्याचा फोन, तो पाळीवर गेला की नेट त्याच्याबरोबर गेलं. आणि चार्जरला लावून खिडकीत ठेवलेला फोन तासाभरात तापतो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि घरच्यांना वाटतं की कंपनीने स्पीड कमी केला.

गैरसमज : वायरपेक्षा बिनवायरचं स्वस्त.

घरात आधीच चार रिचार्ज होत असतील, कोटा उरत असेल आणि मोठा टीव्ही नसेल, तर वायर काढल्याने पैसे वाचतात. पण वायरच्या जागी एअरफायबर घेतल्याने वाचतीलच असं नाही. एअरफायबर सुरू झालं तेव्हा जिओचा ३० एमबीपीएसचा पहिला प्लॅन ५९९ रुपयांचा होता, तर त्याच कंपनीचा वायरवरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांचा. १८ टक्के जीएसटी धरून हे साधारण ७०७ आणि ४७१ रुपये होतात. एअरफायबरमध्ये टीव्ही चॅनेल आणि ओटीटी धरलेले होते, म्हणून केबलचं बिल बंद होणार असेल तर हिशेब उलटू शकतो. पण तुलना करायची ती महिन्याच्या एकूण खर्चाची: नेट, टीव्ही, सगळ्यांचे रिचार्ज आणि ‘डेटा संपला’ म्हणून मध्येच मारलेले छोटे पॅक. हे छोटे पॅक कुठेच लिहून ठेवलेले नसतात, आणि बचत खाऊन टाकतात ती बहुधा तेच.

गैरसमज : पावसात आणि लाइट गेल्यावर वायर बंद पडते, मोबाइल चालू राहतो.

पावसाबद्दलची समजूत तांब्याच्या लँडलाइनच्या काळातली आहे. पाणी शिरलं की लाइन खरखरायची, मग दिवसच्या दिवस मुकी व्हायची. फायबरमध्ये जाते ती वीज नव्हे, प्रकाश, आणि काच गंजत नाही. पावसाने मोबाइलच्या लहरीही फारशा क्षीण होत नाहीत, तो परिणाम साधारण दहा गिगाहर्ट्झच्या वर जाणवू लागतो. फायबर नसलेल्या टॉवरची मायक्रोवेव्ह थाळी मात्र त्या वरच्या पट्ट्यात चालत असल्याने जोराच्या सरीत अडखळते. विजेचं म्हणाल तर वायर असो वा एअरफायबर, घरातला राउटर विजेवरच चालतो. वायरच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की लाइट गेल्यावरही नेट दोन-तीन तास टिकू शकतं, कारण मधल्या वाटेवर जीपॉनला वीज लागतच नाही.

फायबरचे खरे शत्रू फावडं आणि जेसीबी आहेत. खांबाखांबावरून लोंबणारी वायर उंच ट्रकला अडकते, रस्ता खोदताना तुटते. काचेचा धागा केसाएवढा, अवघ्या ०.१२५ मिलिमीटर जाडीचा. तो जोडायला माणूस स्प्लायसिंग मशीन घेऊन यावा लागतो, दोन्ही टोकं साफ कापून विजेच्या ठिणगीने एकमेकांत वितळवावी लागतात. म्हणून दुरुस्तीला तास नव्हे, कधी दिवस लागतात. ज्याला एक दिवसही नेटशिवाय चालत नाही, त्याने या कारणासाठी मोबाइलचा डेटा राखीव ठेवावा. पण वायर सोडायला हे कारण पुरेसं नाही, कारण खोदकामात टॉवरचं फायबरही तुटतं, आणि तेव्हा अख्ख्या वस्तीची रेंज असूनही नेट नसतं.

इथे एक फरक फारसा कुणी लक्षात घेत नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे सेवा-दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. वायरच्या ब्रॉडबँडमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भाड्यात सूट मिळण्याची तरतूद आहे. मोबाइलसाठीही भरपाई आहे, पण ती जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर. ठाणे जिल्हा धडधाकट चालू असताना दिघ्यातल्या एका खोलीत रेंज नाही, हा नियमाच्या लेखी बिघाडच नव्हे. वायरच्या बाबतीत कंपनी तुमच्या घराला बांधलेली असते, मोबाइलच्या बाबतीत सरासरीला.

गैरसमज : घर मोबाइल डेटावर चालूच शकत नाही.

हा वायरवाल्यांचा गैरसमज, आणि तोही तेवढाच चुकीचा. भाड्याच्या खोलीत राहणारे दोघं, अकरा महिन्यांनी घर बदलणारं कुटुंब, दिवसभर कामावर असणारी आणि रात्री फोनवरच बातम्या-मालिका पाहणारी माणसं यांना वायरची गरज नसते. फक्त एअरफायबर उचलून मे महिन्यात गावी नेता येईल असं समजू नये. ती जोडणी सहसा पत्त्याशी बांधलेली असते, गावी चालेल तो डोंगल किंवा फोन. उलट घरून काम करणारा, ऑनलाइन परीक्षा देणारा, रोज व्हिडिओ कॉलवर शिकवणारा माणूस घरात असेल तर वायर ठेवावी. अशा कामात डाउनलोडपेक्षा अपलोड आणि सातत्य लागतं. फोनची ताकद टॉवरच्या तुलनेत अगदीच थोडी असते आणि ५जीमध्ये हवेतली बरीचशी जागा डाउनलोडसाठी राखलेली असते. समोरच्याचा चेहरा तुम्हाला नीट दिसतो पण तुमचा आवाज तिकडे तुटतो, तो यामुळेच.

म्हणून वायर काढण्याआधी आठ दिवस मोजावं. ज्या खोलीत नेट वापरणार त्याच खोलीत, सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा आणि रविवारी दुपारी एकदा, ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपवर डाउनलोड आणि अपलोड दोन्ही वहीत लिहावेत. त्यातला सर्वांत मोठा आकडा खोडावा आणि सर्वांत लहान आकड्यावर घर चालेल का, ते पाहावं. चालत असेल तर वायर खुशाल काढावी, आणि शक्यतो महिनाभर दोन्ही ठेवून मगच काढावी.

मात्र वैयक्तिक बचतीतून सार्वजनिक निष्कर्ष काढू नये. ‘आता सगळं मोबाइलवर होतं, इथे वायर कशाला’ हे वाक्य एका घरापुरतं बरोबर असू शकतं, वस्तीपुरतं कधीच नाही. टॉवरला चांगलं फायबर मिळालं तरच बिनतारी नेट धावतं, आणि ज्यांना वायर परवडते ते वायरवर गेले तरच टॉवरवर बाकीच्यांसाठी जागा उरते. खोदण्याआधी खालच्या वाहिन्यांची चौकशी करता यावी म्हणून २०२३मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणलं. ते वापरलं जावं आणि दिघ्याच्या गल्ल्यांतली लोंबती वायर जमिनीखाली जावी, ही मागणी वायर ठेवणाऱ्याची आहे तितकीच वायर काढणाऱ्याचीही असायला हवी. त्याच्याही फोनमधलं नेट त्याच काचेच्या धाग्यावरून येतं.